पिन लूज आहे

वडपे नाक्यावर भिवंडी शहरात जाणारा रस्ता आणि ठाण्याकडे जाणारा बायपास वेगळे होतात. त्या फाट्याच्या अलीकडे एका गाळ्यात माझं मोबाइल आणि टॅब दुरुस्तीचं दुकान आहे. या धंद्यात बरीच वर्षं गेली. पहिली काही वर्षं कल्याणला एका कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर काढली, उरलेली भिवंडीत आणि इथे. वॉरंटी नाकारणाऱ्या बाजूलाही मी बसलो आहे आणि नाकारलेला टॅब घेऊन आलेल्या माणसासमोरही. दोन्हीकडून बघून माझं एक मत पक्कं झालं. टॅबमधला सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत कच्चा ठेवलेला भाग एकच, चार्जिंगचा जॅक. आणि वॉरंटी नेमकी तिथेच हात वर करते.

वडप्यात एवढे टॅब येतात कुठून, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. त्याचं उत्तर आजूबाजूच्या गोदामांत आहे. मुंबईत माल न्यायचा तर जकात भरावी लागे, म्हणून व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर भिवंडी तालुक्यात माल ठेवायला सुरुवात केली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत. उलट ती आणखी मोठी झाली. ऑनलाइन मागवलेला माल इथूनच सुटतो. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडला आणि सातशे एक किलोमीटरचा तो रस्ता आमच्या शेजारी येऊन टेकला. आता गोदामात माल उतरवून घेणारा, माल मोजणारा, गाडी लावून घेणारा, गेटवर पावती फाडणारा, असा प्रत्येक जण टॅब घेऊन उभा असतो. शिवाय शाळकरी मुलं आहेत, विम्याचे एजंट आहेत, आशा ताई आहेत, वेळ घालवायला सिनेमे बघणारे ट्रक ड्रायव्हर आहेत. सगळ्यांची तक्रार एकच. टॅब काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, ‘भाऊ, पिन लूज आहे, जरा बघा.’

आधी हा जॅक आत कसा बसवलेला असतो ते सांगतो, कारण भांडणाचं मूळ तिथेच आहे.

मी काम शिकत होतो तेव्हा स्वस्त टॅब नुकते निघाले होते. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारनं विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ टॅब आणला, पुढे त्याच्या कामात पवईच्या आयआयटीचाही सहभाग होता. त्या गाजावाजानंतर बाजारात दोन-चार हजारांचे टॅब ढिगानं आले. त्यांतल्या बऱ्याच टॅबना जुन्या रेडिओसारखी बारीक गोल पिन असायची. ती आत वाकली की संपलं. मग मायक्रो-यूएसबी आलं. खरं तर ते डोकं लावून बनवलेलं होतं. झिजणाऱ्या स्प्रिंगा टॅबमध्ये न ठेवता केबलच्या टोकात ठेवल्या होत्या, म्हणजे झिजली तर शंभर रुपयांची केबल झिजावी, टॅब वाचावा. दहा हजार वेळा लावून काढलं तरी जॅक टिकला पाहिजे, असं त्याचं मानक होतं. दिवसातून तीनदा चार्जिंगला लावलं तरी नऊ वर्षं निघतात. कागदावर.

पण तो आकडा सरळ आत, सरळ बाहेर असा मोजलेला असतो. माणसाचा हात तसा चालत नाही. आपण केबल तिरकी ओढतो, अंधारात चाचपत उलटी घुसवतो, वायरला धरून टॅब जवळ खेचतो. फोनला हे बरंचसं सोसतं. टॅब मोठा आणि जड. पोटावर उभा धरून सिनेमा बघताना त्याची खालची कड पोटावर टेकते आणि तिथेच केबल घुसलेली असते. सगळं वजन त्या बोटाच्या पेरापेक्षा लहान जॅकवर येतं. जॅक बोर्डाला धरून ठेवतं ते थोडंसं कथील. चांगल्या बनावटीत जॅकचे पाय बोर्डाच्या भोकांतून आरपार जाऊन पलीकडे पक्के केलेले असतात. पैसे वाचवायचे म्हटलं की पाय नुसते वर चिकटवतात. तसा जॅक एके दिवशी हलतो, मग त्याच्याखालचं तांब्याचं पॅड उखडतं आणि त्याबरोबर वीज नेणारा ट्रॅकही जातो.

दुसरी काटकसर याहून महागात पडते. काही टॅबमध्ये जॅक वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो. त्याला आमच्यात सब-बोर्ड किंवा चार्जिंग बोर्ड म्हणतात. खराब झाला तर मागचं झाकण उघडायचं, स्क्रू काढायचे, पट्टी सोडवायची, नवा बसवायचा, चहा येईपर्यंत काम संपतं. पण पुष्कळ स्वस्त टॅबमध्ये, आणि काही महागांतही, जॅक थेट मदरबोर्डवर असतो. मग सर्व्हिस सेंटरच्या यादीत ‘जॅक’ नावाचा पार्टच नसतो. यादीत असतो मदरबोर्ड.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर माझं काम होतं टॅब घेणं, जॉबशीट बनवणं आणि गिऱ्हाइकाला निर्णय सांगणं. निर्णय मी घेत नसे. आत बसलेला इंजिनीअर भिंगाखाली जॅकचा फोटो काढून कंपनीकडे पाठवायचा. तिकडून ‘अप्रूव्ह’ किंवा ‘रिजेक्ट’ असं यायचं. जॅकच्या आतली जीभ जराशी वाकलेली दिसली की ‘फिजिकल डॅमेज’. आतला पाणी दाखवणारा पांढरा स्टिकर लाल झाला असला की ‘लिक्विड डॅमेज’. पिना काळ्या पडल्या असल्या की ‘दुसऱ्या कंपनीचा चार्जर वापरला’. चार्जर आणि केबलची वॉरंटी तर बहुतेकदा सहा महिन्यांचीच. गंमत अशी की लूज झालेल्या जॅकमध्ये यांपैकी एक तरी खूण सापडतेच. खुणा सापडू नयेत असा जॅक फक्त न वापरलेला असतो.

एक विमा एजंट बाई आठवतात. टॅब घेऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. चार्जिंग धरत नाही म्हणून आणून दिला. आठवड्यानं फोन केला तेव्हा ‘पार्ट पेंडिंग’, आणखी आठवड्यानं ‘अप्रूव्हल पेंडिंग’, मग रिजेक्ट. एस्टिमेट मदरबोर्डचं, नव्या टॅबच्या किमतीच्या अर्ध्याहून जास्त. मी ठरलेलं वाक्य म्हटलं, ‘मॅडम, फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही.’ त्या भांडल्या नाहीत. शांतपणे विचारलं, ‘मग वॉरंटीत बसेल असा मी तो चार्ज कसा करायला हवा होता?’

याचं उत्तर माझ्या कागदांत नव्हतं. साहेबांना विचारलं, त्यांच्याही कागदांत नव्हतं. दाराची कडी रोज वापरून झिजली म्हणून कुठला सुतार दार बदलायला सांगत नाही, आणि ‘तुम्ही कडी लावलीत कशाला’ असंही विचारत नाही. आम्ही रोज तेच करत होतो. वॉरंटीचा कागद ‘दोष’ आणि ‘इजा’ असे दोन कप्पे करतो. दोष कंपनीचा, इजा गिऱ्हाइकाची. जॅक या दोन्हींच्या मध्ये पडतो. तो कच्चा बनवला म्हणून वापरानं तुटतो. मग त्याला दोष म्हणायचं की इजा, हे ठरवतं कोण? ज्याला खर्च करावा लागणार, तोच. मग निकाल वेगळा कसा लागेल?

आत बसणारी मुलं वाईट होती असं मुळीच नाही. त्यांना सोल्डरिंग येत होतं, जॅक बदलता येत होता. पण परवानगी नव्हती. बोर्डावर हात लावायचा नाही, बोर्ड बदलायचा, असा नियम. महिन्याला किती टॅब किती दिवसांत परत दिले यावर सेंटरचा हिशेब व्हायचा. रिजेक्ट केलेली केसही ‘क्लोज’ धरली जायची. जिथे नाकारणं आणि दुरुस्त करणं दोन्ही एकाच रकान्यात मोजतात, तिथे सोपं काय, ते कुणी कुणाला शिकवावं लागत नाही.

ती नोकरी सोडली आणि भिवंडीत एका जुन्या कारागिराकडे बसायला लागलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. दुकान जेमतेम दोन माणसं बसतील एवढं, पण हात असा की लोक कल्याण, शहापूरहून काम आणून देत. खरा धंदा मी तिथे शिकलो. उस्तादांचा पहिला नियम होता, हीट सर्वांत शेवटी. आधी भिंग, मग टूथपिक, मग मीटर. हॉट एअरच्या मशीनला हात लावण्यापूर्वी या तीन पायऱ्या झाल्याच पाहिजेत.

टूथपिक कशाला, ते भिवंडीतच कळतं. हे यंत्रमागांचं गाव. मागावर सूत घासलं की बारीक रुई उडते, ती केसांत बसते, भुवयांवर बसते आणि चार्जिंगच्या जॅकमध्ये जाते. केबल लावली की ती रुई आत दाबली जाते. रोज थोडी थोडी. काही महिन्यांनी तळाशी घट्ट थर तयार होतो आणि केबल पूर्ण आत जातच नाही. जरा हलवलं की चार्जिंग तुटतं. माणूस म्हणतो, पिन लूज आहे. मागांची देखभाल करणारा एक जॉबर त्याचा टॅब घेऊन आला होता. दुसऱ्या कुणीतरी त्याला जॅक बदलायला आठशे रुपये सांगितले होते. उस्तादांनी लाकडी टूथपिक तासून चपटी केली, टॅब बंद केला आणि हळूहळू आतून करड्या रंगाची वातच्या वात ओढून काढली. ब्रशनं आयपीए, म्हणजे साफ करायचं अल्कोहोल, फिरवलं, सुकू दिलं, केबल लावली. टक्क आवाज आला. पैसे किती, असं त्यानं विचारलं तर उस्ताद म्हणाले, ‘चाय पिला दे.’

तो जॉबर नंतर अख्ख्या कारखान्याचे मोबाइल घेऊन येत राहिला. उस्तादांचं दुकान अशा चहांवर उभं होतं.

वडप्यात रुईच्या जोडीला धूळ आहे. ठाण्यापर्यंतचा रस्ता आठपदरी करण्याचं काम लांबलं, तेवढी वर्षं ट्रकांच्या मागे उडणारी माती सगळ्यांनी खाल्ली, टॅबनीही. पावसाळ्यात दमट हवा आणि ओले हात. ओल्या जॅकला चार्जर लावला की वीज वाहते आणि पिन गंजते. आधी हिरवट, मग काळी. गंजलेली पिन नीट टेकत नाही, तिथे उष्णता वाढते, आतलं प्लास्टिक वितळतं. असा जॅक उघडला की आधी जळका वास येतो. म्हणून पावसात भिजून आलेल्या प्रत्येकाला मी सांगतो, रात्रभर चार्ज नाही झाला तरी चालेल, आधी सुकू दे. तांदळात ठेवू नकोस, पिठूळ कण आत जातात. पंख्याखाली ठेव.

लॉकडाउनमध्ये या जॅकनं किती घरांत रडू आणलं ते मी पाहिलं आहे. शाळा बंद, अभ्यास ऑनलाइन, घरात एकच टॅब आणि मुलं दोन-तीन. टॅब दिवसभर चार्जिंगला लावूनच वापरात. गावागावांत मुलं पडवीत, ओट्यावर, बोर्डाच्या जवळ भिंतीला टेकून बसायची, कारण केबल तेवढीच पोचायची. महिन्या-दोन महिन्यांत जॅक ढिले. सर्व्हिस सेंटर बंद किंवा अर्धवट चालू. पार्ट येत नव्हते. त्या काळात मी जुन्या मेलेल्या बोर्डांवरून जॅक उतरवून लावत होतो.

एक मुलगी आठवते. बारावीची, सीईटीची तयारी करणारी. टॅब एका योजनेतून मिळालेला. सेंटरवाल्यांनी बिल मागितलं. योजनेत मिळालेल्या वस्तूचं बिल मुलीकडे कुठून असणार? टॅब दिला त्या ठिकाणी विचारलं तर म्हणाले, वाटप झालं, आता कंपनीचं बघा. बाप तिला घेऊन माझ्याकडे आला. जॅक बोर्डावरच होता, दोन पॅड उखडली होती. बोर्डाला जोडलेली बॅटरी आधी सोडवली, नाहीतर गरम हवेजवळ ती धोक्याची असते. कंपनीचं कथील शिसं नसलेलं, ते २१७ अंशांना वितळतं. त्यात आपलं शिशाचं थोडं मिसळलं की १८३ च्या आसपासच सुटायला लागतं आणि बोर्डाला कमी झळ बसते. जॅक उतरवला, दोन जंपर केसासारख्या तारेचे मारले, नवा बसवला, चारही पायांना भरपूर कथील दिलं. मुलगी स्टुलावर बसून बघत होती. म्हणाली, ‘दादा, एवढंच होतं?’

हो, एवढंच होतं. टॅब वाटताना किती वाटले हे मोजतात. मुंबई महापालिकेनं २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून ठिकठिकाणी अशा योजना आल्या. त्यांतून शिकलेली मुलं माझ्या ओळखीची आहेत, म्हणून योजनांना नावं ठेवणार नाही. पण टॅबच्या खरेदीबरोबरच दुरुस्तीचा करार झाला पाहिजे, तालुक्याच्या गावी कुणीतरी जॅक बदलणारा ठरवून दिला पाहिजे आणि प्रत्येक मुलाच्या हातात बिलाची नक्कल पडली पाहिजे. नाहीतर तो टॅब वर्षभरात कपाटावर जातो.

गोदामाचा अनुभव वेगळाच. एका मोठ्या गोदामाचा सुपरवायझर क्रेटभर टॅब घेऊन आला. सगळ्यांची एकच रड. कंपनीनं वॉरंटी नाकारली होती आणि आता पोरांच्या पगारातून दुरुस्ती कापायचं ठरलं होतं. ‘पोरं आपटतात,’ तो म्हणाला. मी जॅक बघितले. आपटलेल्या टॅबचे कोपरे चेपतात, काच जाते. यांच्या काचा शाबूत होत्या. सगळे जॅक एकाच बाजूला, वरच्या अंगाला वाकलेले. मला ते खटकलं. म्हटलं, चार्जिंग करता कुठे, एकदा दाखवा.

गेलो. शिफ्ट संपते त्या जागी वरून एक्स्टेन्शन बोर्ड सोडलेले, त्यांतून केबली खाली लोंबत होत्या आणि टेबल अपुरं. जागा नसली की टॅब केबलला लटकतच राहायचा. रात्रभर. तीन पाळ्यांतल्या कुणाचाच त्यात दोष नव्हता, ती जागाच तशी होती. गावातल्या सुतारानं प्लायवुडचं तिरकं स्टँड बनवलं, प्रत्येक टॅबला एक खाच. सरळ केबली काढून काटकोनात वळलेल्या, एल टाइप केबली लावल्या. त्यानंतर त्या गोदामातून येणारं काम जवळजवळ बंदच झालं. माझं नुकसान झालं म्हणा, पण पोरांचे पगार कापायचे थांबले. पुढे त्यांनी अशी यंत्रं घेतली की ती नुसती खाचेत ठेवली की मागच्या पितळी टिकल्यांमधून चार्ज होतात. जॅकमध्ये काही घालायचंच नाही. दिवसरात्र राबणाऱ्या वस्तूला तेच योग्य. घरगुती टॅब गोदामात आणणं हेच मुळात चुकीच्या बचतीचं लक्षण.

तिथेच मला कायद्यातली एक बाब कळली. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक ग्राहक धरला जात नाही. गोदामाची कंपनी ग्राहक आयोगाकडे जाऊ शकत नव्हती. पण स्वतःचं पोट भरायला, स्वयंरोजगारासाठी वस्तू घेतली असेल तर तो माणूस ग्राहकच. म्हणजे स्वतःचा एकच टेम्पो चालवणारा, त्यासाठी टॅब घेणारा माणूस दाद मागू शकतो. हे मी आता प्रत्येक टेम्पोवाल्याला सांगतो.

दाद मागून मिळते का? एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी मिळवली. त्यांचा टॅब सात-आठ महिन्यांचा. सेंटरनं फिजिकल डॅमेज म्हणून परत दिला. गुरुजी माझ्याकडे आले, म्हणाले, दुरुस्त नको करूस, नुसतं भिंगातून बघून सांग. बघितलं. जीभ शाबूत, बाहेर एक ओरखडा नाही, पाय मात्र बोर्डावरून सुटलेले, कारण ते नुसते वर चिकटवलेले होते. मी फोटो काढून दिले. गुरुजींनी सेंटरला लेखी विचारलं: इजा नेमकी कुठे आहे, तिचा फोटो द्या आणि नाकारण्याचं कारण सहीनिशी द्या. तोंडी उत्तरं आली. मग त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सोबत जॉबशीट, बिल, फोटो. कंपनीच्या वरच्या ऑफिसातून फोन आला आणि टॅब मोफत दुरुस्त होऊन मिळाला. आयोगापर्यंत जायची वेळच आली नाही.

सगळ्यांचं असं होत नाही. हेल्पलाइन कंपनीला भाग पाडू शकत नाही, मध्ये पडते एवढंच. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आमच्यासाठी ठाण्याचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांत. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने आहे, वस्तूची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखा लांबतात. दहा हजारांच्या टॅबसाठी कामाचे दिवस बुडवून ठाण्याच्या खेपा घालणं मजुराला परवडत नाही, आणि कंपन्यांना हे चांगलं ठाऊक असतं. पण नीट भरलेल्या कागदांना मात्र त्या बिचकतात. मी दोन्ही बाजूंना बसलोय म्हणून सांगतो, काउंटरवर आवाज चढवणाऱ्याला बाजूला बसवतात आणि शांतपणे ‘हे लिहून द्या’ म्हणणाऱ्यासाठी मॅनेजर बाहेर येतो.

टाइप-सी आल्यावर हे सगळं संपेल असं वाटलं होतं. २०१४ मध्ये त्याचं मानक आलं, उलटसुलट कसंही लावता येतं, म्हणून जबरदस्तीनं उलटं घुसवणं थांबलं. तेवढा फायदा खराच. पण त्या इवल्याशा जागेत चोवीस संपर्क आहेत आणि मधली जीभ पातळ. तिच्यावर सुई फिरवली की शॉर्टिंग. शिवाय स्वस्त टॅबमध्ये इथेही काटकसर. चार्जरला ‘इकडे वीज पाठव’ असं कळवायला जॅकमागे दोन छोटे रेझिस्टर लागतात, ५.१ किलोओहमचे. ते गाळले की दोन्ही टोकं टाइप-सी असलेल्या केबलवर टॅब चार्जच होत नाही, जुन्या चौकोनी टोकाच्या केबलवर होतो. असे टॅब घेऊन लोक ‘पिन गेली’ म्हणून येतात. पिन शाबूत असते, काही पैशांचा रेझिस्टर गाळलेला असतो.

युरोपनं २८ डिसेंबर २०२४ पासून टॅबना टाइप-सी सक्तीचं केलं. आपल्याकडेही २०२३ च्या सुरुवातीला भारतीय मानक जाहीर झालं. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो युरोपचा दुसरा नियम, २० जून २०२५ पासूनचा. मोबाइल आणि टॅब विकणाऱ्यानं त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग द्यायचे, आणि त्या भागांच्या यादीत चार्जिंगचा जॅक स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे ‘जॅक नाही, मदरबोर्ड घ्या’ असं तिथे म्हणता येत नाही. आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी सरकारी पोर्टल सुरू झालं. मे २०२५ मध्ये एका समितीनं वस्तू किती दुरुस्त होऊ शकते याचे गुण विकताना दाखवावेत असा अहवाल दिला, सुरुवात मोबाइल आणि टॅबपासून करावी म्हणून. ते गुण खोक्यावर छापून आले तर माझ्यासारख्यांचं अर्धं बोलणं वाचेल.

दुरुस्तीवाल्यांचंही खरं सांगायला हवं. आमच्यातले काही जण रुई न काढता जॅक बदलतात, हीट जास्त लावून पॅड उडवतात, कॉपी जॅक लावून ओरिजिनलचे पैसे घेतात. तशा हातातून आलेला टॅब माझ्याकडे येतो तेव्हा कधी कधी मी परत करतो. ट्रॅक बोर्डाच्या आतल्या थरात तुटला असला तर पैसे घेऊन महिनाभर चालेल असं करून देणं मला जमतं, पण देत नाही. गिऱ्हाइकाला वाईट वाटतं. नंतर तेच गिऱ्हाईक नवा टॅब घेताना मला विचारायला येतं.

त्यांना जे सांगतो तेच इथे सांगतो. टॅब घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे नंतर विचारा. आधी विचारा, चार्जिंगचा जॅक वेगळ्या बोर्डावर आहे का, आणि तो बदलायचे किती पैसे. बिल आणि वॉरंटीचा कागद यांचे फोटो घेतलेल्या दिवशीच काढून ठेवा. सेंटरला देण्याआधी टॅबच्या चारही बाजूंचे आणि जॅकच्या आतले फोटो काढा, डेटा दुसरीकडे उतरवून घ्या. जॉबशीटवर ‘बाहेरून इजा नाही’ असं त्यांच्यासमोर लिहून घ्या, मगच सही करा. नाकारलं तर कारण लेखी मागा. चार्जिंगला लावलेला टॅब वापरू नका, वापरायचाच तर केबल वरच्या किंवा बाजूच्या अंगाला येईल असा उलटा धरा. जॅकमध्ये सुई, टाचणी, पिन घालू नका, लाकडी काडी चालते आणि तीही टॅब बंद करून. केबल ढिली झाली की आधी केबल बदलून बघा.

आणि कंपन्यांना एवढंच म्हणणं आहे. जो भाग रोज वापरल्याशिवाय वस्तू चालतच नाही, त्याच भागाला वापरानं इजा झाली म्हणून वॉरंटी नाकारू नका. जॅक वेगळ्या बोर्डावर द्या, त्याचा भाव खोक्यावर छापा आणि पहिलं वर्ष तो विनाप्रश्न बदलून द्या. हे जोवर होत नाही, तोवर गिऱ्हाइकांनी दुकानातच तो प्रश्न विचारावा, आणि ज्या टॅबबद्दल उत्तर मिळत नाही तो टॅब घेऊ नये.